चोरीच्या फोनवर लावलेली बोली

मंडळी, ऐका! निरूपण झालं, आता आख्यान. पण आख्यानाआधी एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला तोंडदेखलं नकोय. ज्या माणसाला एकानं फसवलं, त्याला दुसऱ्याला फसवायचा परवाना मिळतो का? — "नाही महाराज!" वा! काय पटकन बोललात! टाळकऱ्यांच्याही आधी! बरं, ऐका तर मग.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. गावात निवृत्ती शेरकर नावाचा गडी. मनानं चांगला, कष्टाळू, पण एक खोड! खंडोबाच्या यात्रेत मानाच्या नारळाचा लिलाव होतो ना, तिथं हा उभा राहिला की दुसऱ्या कुणाला नारळ मिळणं नाही. कुणी पाचशे म्हटलं की हा सातशे! कुणी हजार म्हटलं की हा फेटा सावरून दीड हजार! सात वर्षं नारळ याच्याच घरी. आणि एक सांगतो, देवाचा नारळ कुणी कानाशी धरून हलवून बघत नाही. पाणी आहे का, नासका आहे का, विचारायचंच नाही! बोली लावायची, भंडारा उधळायचा, नारळ डोक्यावर घ्यायचा. देवळात ही रीत शोभते हो. पण हीच रीत घेऊन माणूस बाजारात गेला तर? नागवलाच समजा!

या निवृत्तीदादांची बायको कौसल्या. गावची आशाताई. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणत्या लेकराची लस राहिलीय, सगळं फोनमध्ये भरायचं. अडलेल्या बाईला गाडी बोलवायची, तीही फोनवरच. आणि तिचा फोन पडला हौदात! तांदळात ठेवला — हसू नका, तुम्हीही ठेवता! — तांदूळ ओला झाला, फोन कोरडा झाला, पण चालू काही होईना.

नवा घ्यायची ऐपत नाही. दादा म्हणाले, "काळजी करू नको. मोबाईलवर जुन्या फोनचा लिलाव असतो. लिलावात मला हरवणारा जन्मायचाय!"

झालं! दादांनी आपला तडे गेलेला फोन काढला आणि बसले बोली लावायला. समोर एक झकास फोन. एकच फोटो. बिल नाही, खोकं नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. खाली लिहिलेलं, 'एकदम चालू. घाईत विकणे.' अहो, घाई कसली? चोराला असते ती घाई!

कौसल्या म्हणाली, "अहो, आधी बिल तरी विचारा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की फोनचा पंधरा आकडी नंबर येतो, तो मागून घ्या. सरकारच्या साइटवर टाकला की चोरीची तक्रार असली तर कळतं. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलंय."

आणि दादा काय म्हणाले ठाऊक आहे? "अगं, बोली चढलेली असताना कुणी बिल विचारतं का? चार लोकांत शोभतं का ते?"

कोण चार लोक? कुठले चार लोक? घरात तू, बायको आणि खुंट्याची म्हैस! पण नाही. समोरून कुणीतरी पाच हजार म्हटलं, यांनी साडेपाच. त्यानं सहा, यांनी साडेसहा! समोरचा कोण, हे बघितलं का? विकणाऱ्याचाच जोडीदार असेल, भाव चढवायला बसवलेला! साडेआठ हजारांवर बोली थांबली. दादा जिंकले! फोन हातात यायच्या आधीच सगळे पैसे पाठवून मोकळे झाले. काय म्हणावं या माणसाला!

चौथ्या दिवशी फोन आला. कौसल्या लसीकरणाला गेलेली. दादा फोन घेऊन थेट पारावर! मिरवायला नको? स्वतःचं सिमकार्ड घातलं, नेट चालू केलं, पाच जणांना पेढे वाटले. पेढा खाऊन होतोय न होतोय, तोच फोन आपोआप बंद पडल्यासारखा झाला. काही दाबलं तरी उघडेना. पडद्यावर एवढीच अक्षरं, 'हा फोन चोरीला गेला आहे. सापडल्यास कृपया या नंबरवर कळवा.' खाली नंबर.

मंडळी, काय झालं ते नीट समजून घ्या. ज्या बाईचा फोन होता तिनं दुसऱ्या फोनवरून तो बंद करायची सूचना आधीच धाडून ठेवली होती. चोरानं नेटच लावलं नाही, म्हणून ती पोहोचली नाही. पारावर नेट लागलं आणि पोहोचली.

दादांनी विकणाऱ्याला निरोप धाडला. खातं गायब! दादांचा चेहरा उतरला. वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. गरिबाचे कष्टाचे पैसे गेले. त्या हरामखोराचा मला इतका संताप येतो की काय सांगू!

पण खरा संताप पुढे आहे. पारावर पाच माणसं. पाचांनीही ती अक्षरं वाचली. शाळा शिकलेली माणसं! एकानं तरी तो नंबर लावला? एकानंही नाही! एक म्हणाला, "दादा, रडता कशाला? फोन बंद करून फोटो काढा, 'एकदम चालू' लिहा आणि त्याच लिलावात खपवा!" दुसरा म्हणाला, "भाव मी चढवून देतो की!"

हसलात? हसण्यासारखं काय आहे त्यात? लाज नाही वाटत? मृदंगमणी, तुम्हीसुद्धा!

दादांनी फोटो काढला. लिहिलं, 'एकदम चालू'. दोन दिवसांत बोली चढली, सात हजारांवर गेली. बोली लावणाऱ्याचा निरोप आला, "काका, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. तिच्याजवळ फोन असावा म्हणून घेतोय. चालू आहे ना? तुमच्या शब्दावर घेतो, बाकी काही विचारत नाही."

आणि निवृत्ती शेरकरांनी, मानाचा नारळ डोक्यावर घेणाऱ्या माणसानं, उत्तर लिहिलं, "हो. एकदम चालू."

तेवढ्यात कौसल्या आली. "फोन आला नाही अजून, कुरिअर यायचंय" असं सांगून दादांनी तिला इतके दिवस थोपवलं होतं. तिनं फोन उचलला, बटण दाबलं, अक्षरं वाचली. नवऱ्याच्या हातातला फोन घेतला, त्यावरचा लिलाव आणि त्या मुलाचा निरोप वाचला आणि पडद्यावरचा तो नंबर लावला.

पलीकडे सुनंदा साळवी, एका दवाखान्यात आया. कौसल्या म्हणाली, "ताई, तुमचा फोन आमच्याकडे आहे. आम्ही विकत घेतला."

कौसल्येला वाटलं, बाई दुवा देईल. दुवा कसली! बाई कडाडली, "विकत घेतला? कुणाला विचारून घेतला? चार महिने झाले! एसटी स्टँडवर हातातून हिसकावला. हप्ते अजून भरतेय मी! ताई, चोर एकटा काय करणार होता माझ्या फोनचं? चाटणार होता? तुम्ही घेणारे उभे आहात, म्हणून तो चोरतो!"

कौसल्येला कानफटात बसल्यासारखं झालं. "खरं आहे ताई," एवढंच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "लिलाव उठवा."

"अगं, साडेआठ हजार गेलेत आपले!"

"गेले. तुम्ही फसलात, तेव्हा मी तुमच्या बाजूनं होते. आता तुम्ही फसवताय. आता मी त्या आजारी बाईच्या बाजूनं आहे. तिला डायलिसिसच्या दवाखान्यात काही झालं, मुलाला फोन लावायला तिनं हे खोकं उचललं, तर? मी गावातल्या बायकांना सांगते, काही लागलं तर फोन करा. कोणत्या तोंडानं सांगू?"

दादांची मान खाली. मग त्या मुलाला लिहिलं, "खोटं बोललो. फोन चोरीचा आहे, बंद आहे. घेऊ नको. आणि कुणाचाही घेतलास तर बिल बघ, नंबर तपास, हातात घेऊन चालवून बघ, मग पैसे दे." लिलाव उठवला. दुसऱ्या दिवशी नवराबायको पोलीस ठाण्यात गेले, फोन जमा केला, विकणाऱ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली.

आता तुम्ही वाट बघताय — देव प्रसन्न झाला असेल, दारात नवा फोन आला असेल! नाही आला! असली खोटी गोष्ट सांगून दक्षिणा घेणारा मी नाही. पैसे गेले ते गेले. दादांनी आपला तडे गेलेला फोन कौसल्येला दिला आणि स्वतः बटणाचा घेतला. पारावरच्या पाचांनी त्यांना 'हरिश्चंद्र' म्हणून चिडवलं. अजून चिडवतात!

मंडळी, आता तुमच्याकडे येतो. चोराला शिव्या द्यायला सगळे तयार. पण 'स्वस्तात मिळाला' म्हणून घरी पेढे आणलेत, तेव्हा कुणाच्या घरी रडणं चाललं होतं, हे विचारलंत? चांगला फोन निम्म्या भावात कोण देतो हो? मामा देतो का तुमचा?

आज मी गजर सांगणार नाही. टाळ खाली ठेवा. घरी जा. खिशातल्या फोनचं बिल शोधा. सापडलं तर उद्या या, पोटभर नाचू. नाही सापडलं, तर त्याचा खरा मालक शोधा आणि मग या. देव थांबेल, त्याला घाई नाही. पण कुणीतरी बाई तिकडे न वापरलेल्या फोनचे हप्ते भरतेय. उठा!