गेममधली बाई आणि खालचे काका

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. व्हायोलिनची पेटी सासूबाईंनी छातीशी धरली होती.

“आई, द्या, मी धरते.”

“नको. कॉम्प्युटरवरच्या त्या घर चालवायच्या गेममधल्या माझ्या बाईचे तू काय हाल केलेस ते पाहिलं मी.”

“काय केलं मी?”

“तिला चौकात उभं करून पैशांसाठी व्हायोलिन वाजवायला लावलंस! माझी बाई हौसेनं वाजवते.”

“अहो, एवढं शिकली ती. नुसतं घरात वाजवून काय उपयोग?”

“उपयोग तुझ्या ऑफिसात बघ. आठवतं, सुरुवातीला ती वाजवायला लागली की गेममधले तिच्या घरातले कान झाकून पळायचे? तरी ती किती शिकली ते दाखवणारी डोक्यावरची हिरवी पट्टी भरतच होती. ते बघूनच मी हे व्हायोलिन घेतलं.”

“आणि पळायची पाळी आमच्यावर आली.”

“पळालात खुशाल. पट्टी माझीही भरत होती, तुम्हाला दिसत नव्हती एवढंच.”

“खालचे काका तर सारखे तक्रार घेऊन वर यायचे. परवा तुमची तार तुटली, आता सुखात असतील बिचारे.”

“आज सकाळी आले होते.”

“पुन्हा? व्हायोलिन तर बंद आहे! मग कशाची तक्रार?”

“बंद आहे याचीच. म्हणाले, परवाचं गाणं अर्ध्यात सोडलंत, पुढचं कधी ऐकवणार?”

“काय सांगता, आई!”

“मग! अहो दुकानदार, तार आत्ताच्या आत्ता बसवून द्या. घरी माणूस वाट बघतोय.”