डाव्या डोळ्यावरची चांदणी

मंडळी, ऐका! एक विचारतो — आपला चेहरा आपल्याला कुणी सांगायचा? आरशानं की माणसानं? हां, लगेच "माणसानं" म्हणू नका! आरशापुढं तास-तास उभे राहणारे तुम्हीच!

तर देश इंग्लंड. कारखान्यांचं गाव. तिथल्या चार पोरांनी बँड काढला — 'टिन्सेल किंग्ज'. म्हणजे बेगडी राजे! ग्लॅम रॉक म्हणतात त्या गाण्याला. चमचमते कपडे, आणि बुटांच्या टाचा? अहो, वीटभर! आमच्या मृदंगबुवांनी घालून बघावेत — पहिल्याच अभंगाला आडवे! पण गाणं? खणखणीत! तिथं बेगड नाही हो!

डेस्मंड गायचा, वॉल्टर ड्रम वाजवायचा. लंगोटीयार! सुरुवातीच्या हॉलांत आरसाच नसे. मग वॉल्टर डेस्मंडची हनुवटी धरायचा, "हलू नकोस रे!" — आणि डाव्या डोळ्यावर रुपेरी चांदणी रंगवायचा. पुढं नाव झालं, आरसे आले, पण रीत तीच — आणि ती ऐकणाऱ्यांनाही ठाऊक! पोरंपोरी तश्शीच चांदणी काढून गाण्याला यायची.

पण कीर्तीच्या पाठोपाठ कोण येतं? मीपणा! डेस्मंड म्हणाला, "लोक मला बघायला येतात. तुझ्यावाचून माझं अडत नाही!"

"मग काढ की तुझी तू चांदणी!"

झालं! अबोला. डेस्मंडनं लंडनला एकट्याचा कार्यक्रम ठरवला. आरशापुढं बसला. फोटोत चांदणी उजवीकडे दिसायची, म्हणून आरशातही उजवीकडे काढली. अरे देवा! आरसा तो — चांदणी गेली उजव्या डोळ्यावर! रंगमंचावर आला, तर समोर सगळ्यांच्या डाव्या डोळ्यावर! कुजबुज सुरू. पुढची एक पोरगी ओरडली, "आज वॉल्टर नाही वाटतं?"

डेस्मंडनं कसंबसं गाणं उरकलं, आणि तस्सा, चुकलेली चांदणी घेऊन वॉल्टरच्या दारात उभा!

वॉल्टरनं बघितलं. हनुवटी धरली, अंगठ्यानं चांदणी पुसली, आतून रंग आणला. "हलू नकोस रे!" — आणि डेस्मंडच्या डोळ्यांना धारा!

"रडतोस काय? रंग ओघळेल!"

धन्य ते मित्र! पुढं केस पिकले, टाचा उतरल्या, पण दोघं गात-वाजवत राहिले.

आणि आपण? मघाशी एकमेकांना बुक्का लावलात. पण सख्खा भाऊ शेजारी बसलेला, आणि त्याला टाळून पलीकडच्या कपाळाला हात लावणारे कोण? मी इथून बघत होतो!

ही घ्या बुक्क्याची डबी. टाळ थांबवलेत मी. उठा — आणि त्याला म्हणा, "हलू नकोस रे!"