बटन दाबायच्या आधी

नाही रे पिंटू, पेट्रोल हाय. बळीरामनं टाकीत काडी बुडवून पाह्यली, अर्धी टाकी भरली हाय. त्या बळीरामचं काय सांगू तुले — शेजारी म्हणून आला, ऑइल इंजिन दुरुस्त करते तं स्कूटीही करन म्हटलं, आन् सारी दुपार कार्बोरेटरच शोधत बसला. म्हणे तानाबाई, चोरीले गेला वाटते. मंग मीच सांगतलं, बाप्पा, ह्या गाडीले तो नसतेच, हिच्या टाकीत पंप असते, तो पेट्रोल फेकते, माह्या पोरीनं, समीक्षानं सांगतलं हाय मले. मले चालवता येत नाई, पण कान तं हायेत ना? चाबी फिरवली का घुंऽऽ करते आन् थांबते — तोच पंप. आता ते घुंऽऽ बंद झालं, म्हणून तुले राळेगावच्या ग्यारेजातून बलावलं.

गाडीवरचा तो पिवळा दिवा? आधी लागे, मंग मिणमिण करे, आता काईच नाई. कवापासून? तुले तं पोलिसासारखे प्रश्न पडतेत. बस तथी — त्या दारातून नको जाऊ, दोन्ही खोल्यायत कापूस हाय. भाव येईन, भाव येईन म्हणून कोंबला, आन् भाव तं खालीच चालला. त्याच्यात किडे झाले, अंगाले खाज सुटते, म्हणून खाट ओसरीत आणली, गाडीच्या बाजूले. एकटीले किती जागा लागते? समीक्षा असती तं ओरडली असती. पण पोळा झाला आन् पोट्टी गेली पुण्याले, औषधाच्या कंपनीत. थांबून तरी काय केलं असतं? दिवसभर मेडिकलवर उभी राहे, आन् घरी येऊन त्या कापसाकडे पाहत बसे. गेली ते बरंच झालं. बरंच झालं म्हणतो मी, सगळ्यायले तेच सांगतो.

चाबी कोण फिरवते? मीच, दुसरं कोण हाय इथं? पोरगी सांगून गेलती — आई, आठवड्यातून एकदा गाडी चालू करत जाय. मी रोज करतो. सांजचा दिवा लावला का चाबी फिरवतो, घुंऽऽ करते — आन् मंग? मंग काई नाई, बसतो खाटेवर. बंद करतो ना. कधी लगेच, कधी भाकर टाकून आल्यावर — कधी डोया लागते तं तशीच राहते. असा काय पाहून राह्यला? बटन? बटन नाई दाबत मी.

काहून म्हणजे? तूच तं शिकवलं तिले, गाडी नवी होती तवा — चाबी फिरवल्याबरोबर स्टार्टर मारायचा नाई, पंपाचा आवाज थांबू द्यायचा, मंग बटन. तवापासून रोज सकाळी तसंच करे. ते घुंऽऽ चालू असतानी मान वळवून म्हणे, येतो वं आई. मी चुलीपासूनच म्हणो, ये बाई, सावकाश जाय. आवाज थांबला का बटन, आन् गेली. बटन दाबलं का ती जाते, पिंटू. हास तू. मलेही समजते का गाडीवर कोणी बसलं नाई म्हणून. पण सांजच्या वक्ती घर खायले उठते रे, लय एकटं वाटते, तेवढाच एक आवाज होता घरात.

म्हणजे ब्याटरी मीच उतरवली म्हणतं? इंजिन चालल्याबिगर भरत नाई ती? तिनं सांगतलं असन. मीच ऐकलं नसन.

बसव, बसव तू नवी. पण एक ऐकशील? रविवारी पिकअप येते, गाडी पुण्याले न्यायले. त्याच्याआधी समीक्षा तुले फोन करन, झाली का म्हणून. तिले सांग ना का पंप जळला. सामान भेटत नाई म्हण, नागपूरहून मागवा लागते म्हण. कोणाचं काय बिघडते त्यात? — तिचं बिघडते, हो, माहीत हाय मले. दुसरी पाळी करून खोलीवर पायी जाते पोट्टी, रस्त्याले दिवे नाईत, भेव वाटते म्हणून मले फोन लावते, खोलीचं दार उघडेपर्यंत बोलत राहते. तेवढंच बोलणं होते आमचं. मंग गाडी गेल्यावर? गाडीवरून कोण बोलते फोनवर? तो फोनही गेला समज.

झाली बसवून? फिरव मंग चाबी. बटन नको दाबू — नुसती चाबी. हं. आला. आला आवाज... ये बाई, सावकाश जाय.

काय? तुले नाई म्हटलं.

दाब आता. दाब बटन, म्हटलं ना — पाहू दे चालू होते का. होते. बंद कर. तिचा फोन आला तं सांग, गाडी ठीक झाली, रविवारी पाठवून राह्यली आई. आन् ते पंपाचं जे बोलली मी ते बोलू नको तिच्यापाशी. चहा? चहा नाई आज, दूध नाई. चाबी दे इकडे. जाय तू, अंधार पडते.