यल्लाप्पाच्या विहिरीवरची वाट

जवळ सरका. ती काटकी आत ढकल, वसंता, आणि ऐका. हे दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्यावर गुदरलेलं आहे. आजवर घरातसुद्धा पुरतं बोललो नाही. का, ते कळेलच.

तालुक्याला गेलो होतो. सातबारा आणायला. नवा कोरा सातबारा, माझ्या नावाचा! शेवटच्या बसनं फाट्यावर उतरवलं तेव्हा अंधार गुडूप. सडकेनं गाव लांब, माळावरची पाऊलवाट जवळ. पण ती वाट यल्लाप्पाच्या विहिरीवरून जाते. म्हटलं, जाऊ दे, आता ती विहीर आपलीच.

आपली! थांबा, हे आधी सांगायला पाहिजे.

तो माळ मूळचा भूपाल मगदुमाचा. त्याला विहीर पाहिजे होती, पण खिशात पैसा नाही. यल्लाप्पा वडार विहिरी पाडायचा. मगदूम त्याला म्हणाला, "तू विहीर पाडून दे, ओढ्यालगतचा अर्धा एकर तुझा." बोलणं झालं माझ्या अंगणात. साक्षीला मी एकटा. यल्लाप्पा मला म्हणाला, "म्हादूअण्णा, मला लिहिता येत नाही. तुम्ही ऐकलंत ना? मग झालं."

दोन उन्हाळे त्यानं पहार चालवली. बायको हणमव्वा वर माती ओढायची. पाणी लागलं! मगदुमानं अर्धा एकर दाखवला, यल्लाप्पानं तिथं खोप घातली. पण कागद? कागद दिवाळीला करू. दिवाळी झाली की पाडव्याला करू. अशी तीन वर्षं गेली. अन् मगदुमानं तो सगळाच्या सगळा माळ पतसंस्थेला गहाण टाकून ट्रक घेतला. ट्रक बुडाला. जप्ती आली, लिलाव पुकारला. त्यात यल्लाप्पाचा अर्धा एकरही गेला.

तो मामलेदाराकडं धावला. मगदुमानं कानावर हात ठेवले, म्हणून मामलेदारानं मला बोलावलं. कचेरीत गावातली माणसं जमलेली. साहेबानं विचारलं, "असा काही सौदा झाला होता?"

मला तो माळ लिलावात घ्यायचा होता, कळलं का? विहिरीसकट.

मी म्हणालो, "मला काही ठाऊक नाही, साहेब."

यल्लाप्पा नुसता माझ्याकडं बघत राहिला. लोक म्हणाले, वडार खोटं बोलतोय. माळ मी घेतला, खोप मोडली. तो लांबच्या गावी विहिरीवर कामाला गेला आणि तिथं सुरुंग उडाला. त्यात संपला. त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हाची ही रात्र.

तर चाललो. विहीर मागं टाकली. थोडं पुढं गेलो तर आवाज. खण्ण! खण्ण! पहारीचा. पायाखालून! थांबलो, आवाज थांबला. चाललो, परत खण्ण! अंगावर काटा आला. पाय उचलले. चालतोय, चालतोय आणि समोर काय? विहीर! म्हटलं, वाट चुकली. दिशा धरून परत निघालो. परत विहीर! तिसऱ्यांदा तर पळालो. धोतर सुटलं, वहाण गेली. परत तीच विहीर!

काठावर कोण तरी उभं. डोक्याला फडकं. हातात दोर.

"म्हादूअण्णा, टोक धरा. अर्धा एकर मोजून घेऊ."

आवाज त्याचाच. तसाच मऊ. देवाशप्पथ सांगतो, मला नाही म्हणता येईना. हात आपोआप पुढं गेला. दोर ओला, गार.

"मागं सरा. अजून मागं. अजून थोडं."

मी सरतोय. दोर ताणतोय. पाठीला गार वारा लागला, विहिरीतून येतो तसा. टाच टेकवली तर खाली काही नाही! एक दगड सुटला. किती वेळानं डुबुक वाजलं.

"आता सांगा, अण्णा. जमीन कुणाची?"

आणि ऐका, माझं तोंड काय बोललं? "मला काही ठाऊक..." मरणाच्या काठावरसुद्धा तेच! दोराला हिसडा बसला. दुसरा पाय घसरला.

तेव्हा ओरडलो. "तुझी! यल्लाप्पा, तुझी! माझ्या अंगणात ठरलं! मी ऐकलंय!"

दोरानं मला पुढं खेचलं. मी पुढं तोंडावर आपटलो. वर बघितलं तर कुणी नाही. हातात दोर नाही. तळहाताची सालटं मात्र गेलेली. रांगत, रडत सडक गाठली.

चौथ्या दिवशी हणमव्वाला शोधून काढलं. वीटभट्टीवर होती. अर्ध्या एकराचं खरेदीखत करून दिलं, फुकट. तिनं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर चहा पुढं केला, तर घेतला नाही. म्हणाली, "अण्णा, जमीन दिलीत. पण चारचौघांत माझ्या माणसाला खोटारडा केलात, ते कुठल्या कागदावर फेडणार?"

मान खाली घालून घरी आलो. लोकांनी विचारलं, जमीन का दिलीस? म्हटलं, दया आली. बघा! तिथंही खोटं. लोक मला देवमाणूस म्हणाले आणि मी म्हणू दिलं. एकवीस वर्षं म्हणू दिलं.

आज तुम्ही सातआठजण आहात, म्हणून सांगतो. यल्लाप्पा खरं बोलत होता. खोटा मी. उद्या गावात सांगा, माझं नाव घेऊन सांगा. हणमव्वा अजून आहे, तिच्या कानावर जाऊ दे.

आणि अंधार पडल्यावर त्या वाटेनं जाऊ नका. लांब पडलं तरी सडकेनं या. त्यातून मी बरोबर असलो, तर मुळीच जाऊ नका.