आशीर्वाद रेंगाळत पोचतो

नाही, पण मी म्हणतो, ज्या पोराला फोनवर आईचा आशीर्वाद धड घेता येत नाही, त्यानं न्यूयॉर्कला जावंच कशाला? त्यापायी माझी नोकरी गेली... म्हणजे गेली की राहिली, तेच कळेना झालंय. थांबा, नीट सांगतो. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, शाळाही अर्धवट सुटलेली, तेव्हा सांभाळून घ्या.

तर आमचा धंदा इंटरनेटवरून फोन लावून द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात प्लायवूडच्या केबिनी, फोन जोडून द्यायला मी, आणि मालक रादामेस. आमच्या माकोरीस गावात घरटी एक पोरगा न्यूयॉर्कला, त्यामुळे गिऱ्हाईक उदंड, पण मशिनं थकलेली. नव्या मशिनांसाठी राजधानीचे, सान्तो दोमिंगोचे, पिचार्दोसाहेब भांडवल घालणार होते. घातलं तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप, आणि मी परत मामाच्या अंगणात काकाओच्या, म्हणजे चॉकलेटच्या, बिया उन्हात पालथ्या करायला!

साहेब आले, खुर्चीवर रुमाल अंथरून बसले, कॉफी घेतली आणि म्हणाले, "धंद्यातले धोके सांगा." मालक म्हणाले, धोका काहीच नाही. वीज गेली तर? हे विचारेपर्यंत ती गेलीच. आमच्याकडची वीज, नाव काढलं की रुसते. पण बॅटऱ्या लागल्या, मालकांची मान ताठ, धोका काहीच नाही. बड्या टेलिफोन कंपनीनं कोर्टात खेचलं तर? मेहुणा वकील आहे. उद्या घरोघरी कॉम्प्युटर आले, लोक फुकट बोलायला लागले तर? मालक हसले. म्हणाले, "साहेब, आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल घालून त्यावर देवमातेची मूर्ती ठेवतात. धोका काहीच नाही."

आणि हे पटवून द्यायला बोलावलं कुणाला, तर आमच्या रोजच्या गिऱ्हाईक तोमासीनामावशींना!

आता आमच्या लाइनीची एक खोड आहे, आवाज जरा रेंगाळत पोचतो. मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, बोला आणि थांबा. मावशींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एउदी, आईचा आशीर्वाद काय रांगेत उभा करू?"

फोन लागला. तिकडून, न्यूयॉर्कहून, त्यांचा मुलगा आम्बिओरिक्स म्हणाला, "आई, आशीर्वाद दे." आमच्यात त्याशिवाय पुढचा शब्दच निघत नाही. मावशींनी लगेच दिला. पण तो पोचेपर्यंत पोराला वाटलं, आई रुसली. त्यानं पुन्हा मागितला. मावशी म्हणाल्या, "अरे, दिला की." तोवर तिसऱ्यांदा, रडवेल्या आवाजात, "आई, आशीर्वाद दे ना..."

आता तुम्हीच सांगा, इतक्या अजिजीनं आशीर्वाद कोण मागतं? मरणारा, नाहीतर तुरुंगात जाणारा. मावशी ओरडल्या, "बाळा, काय करून बसलास?" आणि फोडला हंबरडा! हंबरडा तिकडे पोचला, तोही रेंगाळतच, आणि पोरगा ओरडला, "कोण गेलं?" मी केबिनीच्या काचेवर टकटक करतोय, मावशी थांबा, नुसतं थांबा... त्यांनी मला हातानंच झटकलं. बाहेर बाकावरच्या बायांनी छातीवर क्रूस काढले. एकीनं तर साहेबांच्या हातातला कॉफीचा कप काढून घेऊन मावशींना पाजला.

आणि नेमकी लाइन तुटली. म्हणजे दोन्ही घरी मरणकळाच.

साहेब उठले, रुमालाची घडी घातली. म्हणाले, "वीज, कोर्ट, फुकटचे फोन, सगळं हिशेबात धरून आलो होतो. आया राहून गेल्या." आणि गेले. मालक 'धोका काहीच नाही' एवढंही म्हणाले नाहीत, तेव्हा मात्र मी ओळखलं, नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्बिओरिक्स दारात हजर! विमानानं, काळा शर्ट घालून. मावशी अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. त्यानं आशीर्वाद मागितला, त्यांनी दिला, तिथल्या तिथं, जरासुद्धा उशीर नाही. मग जेवू घातलं आणि दाढी का वाढवली म्हणून झापलं.

मी मामाकडे निघालो, तोच मालकांचा निरोप. केबिनी तशाच ठेवायच्या, पाटी तेवढी बदलायची. आता विमानाची तिकिटं विकायची. मी घाबरत विचारलं, मालक, गिऱ्हाईक कुठून येणार?

मालक म्हणाले, "अरे, ती जुनी लाइन आहे ना? आधी पोरांना त्यावरून आईशी बोलू द्यायचं. धोका काहीच नाही."

काय करणार... सोमवारपासून जातोय.