चोवीस इंचांत दीड इंच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पालिकेचे निवृत्त मुख्य अभियंता, ज्यांच्या सहीसाठी मी एकतीस वर्षं नकाशे काढले ते आमचे साहेब. आपल्या छोट्या रेल्वे मंडळाचे सचिव, ज्यांच्या गळ्यात या क्षणीही शिटी लटकते आहे आणि ज्यांना आपण सगळे गार्डसाहेब म्हणतो ते. हा हॉल आपल्याला बावीस वर्षं वापरू देणारे आणि येत्या शनिवारी तो रिकामा करायला सांगणारे हॉलचे मालक. मंडळाचे सर्व सभासद, आणि हा नाद मुकाट्याने सोसलेली त्यांची कुटुंबं. पहिल्या रांगेत बसलेली माझी वहिनी. आणि तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, लेकीचा हात धरून आलेले टेलरमास्तर.

गार्डसाहेब, माइक जरा खाली घ्या. माझी उंची तुमच्याइतकी नाही. हं, झालं.

आत्ता तुम्ही सगळ्यांनी मानपत्र ऐकलंत. गार्डसाहेबांनी ते छान वाचलं. त्यात 'अचूक' हा शब्द पाच वेळा आला. मी बोटांवर मोजला. अचूक हात, अचूक नजर, अचूक मोजमाप, अचूक गल्ली, आणि शेवटी 'अचूकतेचा आदर्श'. पुष्पगुच्छ मी ठेवून घेते, वहिनीला फुलं आवडतात. मानपत्र मात्र परत करणार आहे. का, ते सांगायलाच उभी आहे. गार्डसाहेब, घाबरू नका, तुमच्या कमिटीवर मी घसरणार नाही. निदान आधी तरी नाही.

इथे नवीन चेहरे बरेच दिसतात, म्हणून थोडं मागून सांगते. माझ्यामागे वीस फुटी टेबलावर जी छोटी आगगाडी पळते, तिच्या रुळांशेजारी एक गल्ली आहे. चाळीस घरं, सगळी कागदाची. आपल्याच गावात स्टेशनसमोर ही गल्ली खरोखर होती. बारा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा ठरला आणि गल्ली पाडायची ठरली. पाडण्याआधी प्रत्येक घराचं माप घ्यायला पालिकेने मला पाठवलं. मी टेप घेऊन चाळीस उंबरे ओलांडले. लोकांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्यांची घरं मोजली, साहेबांनी सही केली आणि दोन आठवड्यांत तिथे काही उरलं नाही. आता त्या रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात आणि मधून जायला पूर्वीच्या गल्लीइतकीच वाट राहते. साहेब, हसू नका. हसण्यासारखं काय आहे त्यात?

निवृत्त झाल्यावर मोजणीची वही मी घरी आणली. कोणी मागितली नाही. तिचं आता काय काम, असं सगळ्यांना वाटलं असावं. गार्डसाहेबांनी विचारलं, "तयार प्लॅस्टिकची घरं मंडळाला परवडत नाहीत, तुम्ही कागदाची करून द्याल का?" मला वाटलं, आपण ज्या हाताने मोजून दिलं त्याच हाताने परत उभं करावं. वेड होतं, पण चांगलं वेड होतं.

मी घरं कॉम्प्युटरवर काढायची. भाच्याने टाकून दिलेला प्रिंटर होता, त्यात सुईने शाई भरायची. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा पाठीला लावायचा. खिडक्या कापायचं काम वहिनीचं. जेवायच्या टेबलावर आम्ही दोघी म्हाताऱ्या ब्लेड घेऊन बसायचो. वहिनी म्हणायची, "वन्सं, या घरांचं भाडं कोण देणार? झुरळं?" मी म्हणायची, "तू काप. तुझ्या खिडक्या तिरक्या येताहेत." ती म्हणायची, "तिरक्या खिडकीतून दिसतं तेच दिसतं."

प्रमाण सत्त्याऐंशीला एक. खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा कागदावर एक फूट. नकाशाखाली एक काळी-पांढरी पट्टी छापायची पद्धत असते. छापून आलं की पट्टीवर फूटपट्टी ठेवायची, म्हणजे प्रमाण बरोबर उतरलं की नाही ते कळतं. ऑफिसात एखादा ज्युनियर ती पट्टी विसरला तर मी नकाशा त्याच्या टेबलावर परत फेकायची. इथे मात्र मी स्वतः ती काढून टाकली. का? काळी पट्टी शाई फार खाते. स्वस्तात करायचं होतं ना सगळं!

दोन वर्षांत गल्ली उभी राहिली. आणि मग लोक यायला लागले. गल्लीतली माणसं, लांब लांब फेकली गेलेली. रविवारी दोन बस बदलून यायची आणि आपल्या घरासमोर वाकून उभी राहायची. एक आजी आपल्या नातसुनेला दाखवत होत्या, "इथे माझी चूल. इथे मी पडले होते." हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे. तुमच्यापैकी कितीजण तेव्हा डोळे पुसत होते, आणि आज तेच कमिटीत बसून ठराव करतात की इंजिनं वाटून घ्यावीत, रूळ विकावेत आणि घरं टाकून द्यावीत, कारण 'कागदच तर आहे'. सांगितलं होतं ना, आधी नाही म्हणून? आता घसरले.

तर एक गोष्ट त्या सगळ्यांच्या बोलण्यात यायची. "मॅडम, आमचं घर याहून मोठं होतं, नाही का?" एकजण नाही, दहाजण म्हणाले असतील. आणि मी काय म्हणायची? "आठवणीत सगळ्यांचीच घरं मोठी असतात. मी मोजलंय." ते गप्प बसायचे. का नाही बसणार? पाडलेल्या घराचं माप तपासणार कोण? टेप लावायला भिंत कुठे उरली होती? माप म्हणजे माझी वही, आणि वही माझ्या कपाटात.

चार वर्षांपूर्वी टेलरमास्तर आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, अठरा फूट रुंद, दोन मशिनं आणि मधे बेतायचं टेबल. गल्ली गेल्यावर ते एका खोलीत राहायला गेले, पण काम थांबलं नाही. लोक शोधत जायचे, कारण मास्तर माणसाला दारातून आत येताना पाहूनच छाती आणि खांदा सांगायचे आणि मग टेप केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायचे. तर मास्तरांनी आपलं कागदी दुकान पाहिलं. शेजारच्या विकतच्या स्टेशनातला छोटा प्लॅस्टिकचा माणूस उचलला आणि दुकानाच्या दारात उभा केला. म्हणाले, "मॅडम, हा वाकल्याशिवाय आत जायचा नाही."

मी म्हटलं, "उंच असेल."

ते म्हणाले, "नाही मॅडम. कापड कमी पडलंय. चोवीस इंचांत दीड इंच मारलाय तुम्ही. सगळीकडून सारखा."

आणि मी, भरल्या हॉलमध्ये, तीस माणसांसमोर म्हटलं, "मास्तर, हा कागद आहे, शर्ट नाही. तुमचं वय झालं. नजर दगा देते."

सगळे हसले. गार्डसाहेब, तुम्हीही हसलात. मास्तरही हसले. त्यांनी तो छोटा माणूस अलगद पूर्वीच्या जागी ठेवला, नमस्कार केला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. मला वाटलं, रागावले असतील. येतील.

आता माझी अक्कल पाहा. टेबलावर गल्लीची लांबी मी हाताने, फूटपट्टीने आखली होती, ती बरोबर होती. वीस घरं एका रांगेत ठेवली तर शेवटी सव्वा घराची जागा उरली. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. कोणत्याही शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती. मी काय केलं? एका बाजूला स्पंजचं झाड लावलं आणि दुसरीकडे जाहिरातीचा फलक. वहिनीने विचारलं होतं, "वन्सं, इथे झाड कधी होतं? इथे तर पेपरवाला बसायचा." मी म्हटलं, "शोभेला आहे." नसलेलं झाड लावलं, पण स्वतःवर संशय घेतला नाही.

गेल्या महिन्यात आजच्या समारंभासाठी गार्डसाहेब म्हणाले, मास्तरांच्या दुकानाची पाटी फिकी पडली आहे, तेवढं दुकान नवीन छापा. स्वस्त शाई, खिडकीचं ऊन, लाल रंग उडालाच होता. आमचा प्रिंटर तोवर मेला होता. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, "काकू, ॲक्च्युअल साइज की फिट टू पेज?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे आहे तेवढंच छापू, की पानात बसेल असं लहान करू?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. घरच्या प्रिंटरनेही विचारलं नव्हतं. भाच्याने कधीतरी त्यात 'फिट टू पेज'वर खूण करून ठेवली होती, ती तशीच राहिली. नवीन कागद हातात आला. पर्समधलं जुनं दुकान मी त्यावर ठेवलं. चारी बाजूंनी नवीन छापलेली भिंत बाहेर डोकावत होती. फूटपट्टी मागून घेतली. दर्शनी भिंत त्रेसष्ट मिलिमीटर हवी. जुनी एकोणसाठ. काउंटरवर उभ्या उभ्या भागाकार केला. शंभरात सहा कमी. चोवीस इंचांत दीड इंच.

मास्तरांनी हातात टेपसुद्धा न घेता सांगितलं होतं.

चाळीसच्या चाळीस घरं मी लहान छापली होती. भिंती, दारं, छपरं सगळं सारखंच लहान, म्हणून एकमेकांत नीट बसत होतं. सगळंच सारख्या प्रमाणात चुकलं की चूक दिसत नाही. साहेब, आपल्या ऑफिसात तुम्ही आणि मी एकतीस वर्षं याच आधारावर शांत झोपलो, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी नवीन दुकान डब्यात घालून मी मास्तरांकडे गेले. लेकीने दार उघडलं. मशीनवर चादर. टेप खिळ्याला. मी म्हटलं, काम बंद वाटतं? ती म्हणाली, "चार वर्षं झाली. तुमच्या प्रदर्शनातून आले आणि म्हणाले, नजर गेली माझी. मॅडमनी मोजलंय म्हणजे तेवढंच असणार. लोकांचं कापड वाया घालवायचं नाही. आता स्वतःचा शर्टही बाहेरून शिवून आणतात. बाही लांब झाली का विचारलं, तर म्हणतात, मला काय कळतंय."

डॉक्टरांना दाखवलं का, मी विचारलं. तिने सांगितलं, दाखवलं. डोळे उत्तम आहेत.

मी मास्तरांसमोर दोन्ही दुकानं ठेवली, जुनं आणि नवं. म्हटलं, "मास्तर, माझी चूक झाली. तुम्ही अगदी बरोबर होतात, मिलिमीटरपर्यंत. आता तुम्ही सांगा, यातलं खरं कोणतं?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. एक हातात घेतलं, ठेवलं. दुसरं घेतलं. बोटं दारापाशी थांबली. मला वाटलं, आता बोलतील. मग माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "तुम्ही कोणतं म्हणता?"

"मी नाही, तुम्ही सांगा."

"तुम्ही मोजलंय ना, मॅडम? मग तुम्ही म्हणाल ते."

मी पुन्हा सगळं समजावलं. प्रिंटर, खूण, भागाकार. ते मान डोलावत राहिले. शेवटी म्हणाले, "चहा घ्याल ना?" एवढी अद्दल मला आयुष्यात कोणी घडवली नव्हती, आणि त्या माणसाच्या मनात तसं काहीही नव्हतं.

त्यानंतर मी दोनदा गेले. काही उपयोग झाला नाही. मोडायला मला एक वाक्य पुरलं होतं. जोडायला एवढं बोलले, तर वरवर मान डोलावण्यापलीकडे काही हाती लागलं नाही.

म्हणून शनिवारी घरं टाकणार असाल तर जरूर टाका. मी आडवी येणार नाही. चुकीची गल्ली आहे ती. तिच्यामुळे त्या माणसांना आपलंच घर नीट आठवत नाही असं वाटायला लागलं. बरोबर मापाची गल्ली आता मी परत छापू शकते, वही आहे. पण ती ठेवायला टेबल नाही, आणि बघून 'हो, एवढंच होतं' म्हणणारा एकच माणूस होता, तो आता माझ्याच तोंडाकडे बघतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या गणिताच्या सिस्टर फार कडक. चूक केली की उभं राहून कबूल करायची, आणि जिच्या बाबतीत केली ती मुलगी 'बस' म्हणेपर्यंत उभं राहायचं. सिस्टरनी सांगून चालायचं नाही. म्हणून घरी तीनदा बसून मागितलेली माफी मी आज इथे उभ्याने मागते आहे, ज्या हॉलमध्ये हसवलं त्याच हॉलमध्ये. मास्तर, तुमची नजर बरोबर होती. माझा कागद खोटा होता. माझं बोलणं त्याहून खोटं होतं.

मंडळाने मला एवढी वर्षं टेबलाचा एक कोपरा दिला, त्याबद्दल आभार. गार्डसाहेबांचे आभार, हॉलच्या मालकांचेही, आणि तिरक्या खिडक्यांसाठी वहिनीचे. साहेबांना आणि कमिटीला जे लागेल असं बोलले, ते म्हातारीची जीभ म्हणून सोडून द्या. तुम्ही सोडाल, मला माहीत आहे. तुमच्याकडे मागायची माफी सोपी आहे.

मास्तर काहीतरी म्हणताहेत. जरा शांत राहा, ऐकू द्या. काय म्हणतात तुमचे बाबा, ताई?

"बसा म्हणाव मॅडमना, पाय दुखतील."

नाही मास्तर. तसं बसता येत नाही.