दोन हजारांनी मोठा हप्ता

बँकेच्या बाकावर घराचे कागद सोडवायला आलेलं जोडपं बोलत होतं, आणि शेजारची शिंपीणबाई पासबुकात तोंड खुपसून ऐकत होती.

"कर्ज मुदतीच्या चार वर्षं आधी फिटलं, आता खरं सांगते. हप्त्याचे म्हणून मी तुमच्याकडून दोन हजार जास्तच घ्यायचे. ते मुद्दलात भरायचे."

"माहीत होतं."

"कसं?"

"अगं, हप्ता भरल्याचा मेसेज माझ्याच मोबाइलवर येतो."

"आणि आठ वर्षं गप्प बसलात? वर घरखर्चावरून भांडलातसुद्धा."

"भांडलो नसतो तर तुला संशय आला असता. माझ्या हातात ते पैसे टिकले असते का?"

"चला, कागद घ्यायला बोलावताहेत."

"बोलावू देत. या बाकावर आजवर धास्तीनंच बसलो. आज जरा टेकून बसू."

शिंपीणबाई सरकली आणि तिनं दोघांना ऐसपैस जागा करून दिली.